पंचवीस एकरांचा एक नमुना

मृग तोंडावर आला की देवगाव फाट्यावरच्या कृषी केंद्रांपुढे रांग लागते. या रांगेत जिंतूरच्या अंगाचा, डोंगराच्या पायथ्याची मुरमाड जमीन कसणारा शेतकरी असतो. सेलूकडचा, दुधनेच्या काठची खोल काळी जमीन असलेला असतो. आणि कुदळ मारली की पांढरे खडे वर येतात अशा चुनखडीचा मालकही असतो. तिघांच्या जमिनी एकमेकींशी बोलणार नाहीत इतक्या वेगळ्या. मागणी मात्र एकच: डीएपी. आणि उत्तरही तिघांना एकच मिळतं, "बॅग आहे मामा, पण संगं ही बाटली घ्यावी लागंल."

रांगेतल्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला जे इतकी वर्षं विकलं गेलं, तेच तो मागतो. दोष आहे तो खत बनवणाऱ्या, त्याला अनुदान देणाऱ्या आणि विकणाऱ्या साखळीचा. कारखान्याला काय परवडतं ते या साखळीत आधी ठरतं, अनुदान कशावर किती ते नंतर. ज्या जमिनीत खत पडायचं तिची चौकशी सगळ्यात शेवटी, आणि तीही जमली तर.

चुनखडीत स्फुरदाचं काय होतं ते बघा. डीएपीचा दाणा विरघळतो. विरघळताना भोवतीची माती आणखी अल्कधर्मी करतो. बाहेर आलेला स्फुरद मातीतला कॅल्शियम धरतो आणि दोघांचा मिळून पाण्यात सहजी न विरघळणारा क्षार होतो. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्के लागू पडतो, हे कृषीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. नत्राचा हिशेब ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास, जस्ताचा तर पाचाच्याही आत. आता हे रुपयांत मांडा. १३५० रुपयांच्या डीएपीच्या बॅगेत २३ किलो स्फुरद असतो. त्यातला साडेतीन ते साडेचार किलो यंदाच्या सोयाबीनला मिळतो. उरलेला तुमच्याच शेतात, तुमच्याच पैशानं कुलूप लावून ठेवलेला असतो. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा नवी बॅग आणता. आणि ही बॅग येते कुठून? तिचा खडक मोरोक्कोसारख्या देशांतून, तयार डीएपी सौदी अरबस्तानातून. चीननं निर्यात आखडली की फाट्यावरची रांग लांबते. इतक्या लांबून, इतक्या महागात आणलेल्या वस्तूचे पाचातले चार वाटे पहिल्या वर्षी कामी येत नसतील, तर देशातल्या प्रत्येक कृषिमंत्र्यानं सगळ्यात आधी या एका आकड्यावर बोलायला हवं.

जुलैत सोयाबीन पिवळं पडतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. काळी माती बेसाल्टाची, लोहाची तिला कमतरता नाही. पण सामू आठाच्या आसपास गेला आणि चुना जास्त असला की ते लोह मुळांना घेता येत नाही. त्यात पाऊस लागून राहिला, वाफसा मोडला की पिवळेपणा वाढतो. शेतकरी दुकानात जातो, पिवळं पडलंय म्हणतो, आणि त्याच्या हातात युरिया पडतो किंवा एखादं टॉनिक. पाकिटावर 'चिलेटेड लोह' असं छापलेलं असलं तरी तेवढ्यानं भागत नाही. ईडीटीए जातीचं लोह फवारणीला ठीक आहे, चुनखडीच्या जमिनीत टाकलं तर टिकत नाही. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं आणि ते महाग असतं. ही चार वाक्यं दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायला किती खर्च येईल? भिंती तर आहेत, त्यांच्यावर कीटकनाशकांच्या जाहिराती आहेत.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडं शाळकरी पोरंही म्हणतात. खताच्या बाबतीत जर्मनीशी आपलं नातं खरोखरचं आहे. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्योलरनं प्रयोगशाळेत युरिया तयार केला. हवेतल्या नत्राचा अमोनिया करणारी हाबर-बॉश पद्धत जर्मनीतली, तिचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये ओपाऊला सुरू झाला आणि आजही युरियाच्या प्रत्येक गोणीमागं तीच पद्धत आहे. हे दोन्ही आपण घेतलं. तिसरी गोष्ट तिथंच राहिली. कार्ल श्प्रेंगल आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात सांगून ठेवलं, की ज्या अन्नद्रव्याची सगळ्यात जास्त चणचण, त्याच्यावर पीक थांबतं. बाकीची कितीही ओता. गंधक आणि जस्त कमी असलेल्या शेतात डीएपीची दुसरी बॅग ओतणं म्हणजे या नियमाकडं पाठ फिरवणं. मराठवाड्यातल्या मातीत नत्र आणि स्फुरद कमी, पालाश पूर्वापार बरा, आणि गंधक, जस्त, लोह यांची टंचाई, हे परभणीच्या विद्यापीठानं माती तपासून वर्षानुवर्षं सांगितलंय.

आता सोयाबीन हे तेलबियाचं पीक. त्याला गंधक लागतोच. डीएपीत गंधक नाही. शिफारस हेक्टरी ३०:६०:३० धरली तर एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश. सिंगल सुपर फॉस्फेटच्या, म्हणजे आपल्या साध्या 'सुपर'च्या, तीन बॅगा घेतल्या की २४ किलो स्फुरद होतो आणि त्याबरोबर सोळा किलोच्या वर गंधक, शिवाय कॅल्शियम. नत्रासाठी २६ किलो युरिया, पालाशसाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. झालं. डीएपी नाही मिळालं म्हणून पेरणी अडत नाही. 'वीस-वीस-शून्य-तेरा'मध्येही १३ टक्के गंधक आहे. हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे, पण डीएपीच्या टंचाईच्या दिवसांत फाट्यावर तो कोण मांडतो? सुपरच्या तीन बॅगा म्हणजे तिप्पट हमाली, तिप्पट जागा. वाहणाऱ्याची अडचण खरी आहे. पण तेवढ्यावरून अख्ख्या जिल्ह्याला गंधकाविना ठेवायचं, हे मला पटत नाही.

गंधकाचं लेपन केलेला 'युरिया गोल्ड' आलाय. २७ जुलै २०२३ रोजी राजस्थानात सीकरला पंतप्रधानांच्या हस्ते तो देशाला दिला गेला. ३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक. विचार चांगला आहे, ज्वारीला, गव्हाला, उसाला उपयोगी आहे. पण सोयाबीनची गंधकाची भूक यातून भागवायला गेलात तर सोळा किलो गंधकाबरोबर पस्तीस किलो नत्र शेतात जाईल. सोयाबीनला एवढा नत्र बाहेरून नकोच असतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र धरतात, आणि युरिया जास्त झाला की त्या गाठी धरणं कमी होतं. म्हणजे खत चांगलं, पीक चांगलं, आणि जोडी चुकीची. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या लेपाचा केला, तेही योग्यच झालं. त्यानं नत्र जमिनीत थोडा सावकाश बदलतो. पण पाऊस पडून गेल्यावर आठ सामूच्या जमिनीवर युरिया वरूनच फेकला तर त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत जातोच, लेप त्याला अडवत नाही. तो मातीआड करावा लागतो.

आणि फाट्यावर डीएपीसोबत घ्यावी लागणारी ती बाटली. नॅनो युरिया ३१ मे २०२१ रोजी बाजारात आणण्याची घोषणा झाली. अर्ध्या लिटरची बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल, असं सांगण्यात आलं. बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हजारपटीचा फरक आहे. एक क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांत सहा किलोच्या वर नत्र असतो, तेव्हा बाटलीतला सगळाच्या सगळा नत्र दाण्यात उतरला तरी तो तीनशे ग्रॅम दाण्यांपुरता. पुढं २०२४ मध्ये वीस टक्के नत्राची 'प्लस' आली, तरी अर्ध्या लिटरात शंभर ग्रॅमच्या आसपास. पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं शेतात प्रयोग केला. निम्मा नत्र नेहमीच्या खतातून आणि जोडीला नॅनो युरियाच्या दोन फवारण्या. शिफारशीइतका नत्र दिलेल्या वाफ्यांच्या तुलनेत गव्हाचं उत्पन्न २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये याच दाव्यांवर लेखी आक्षेप घेतले. उत्पादक संस्थेनं हे निष्कर्ष अमान्य केले, आपल्या चाचण्यांचे आकडे पुढं केले. ठीक आहे, शास्त्रात वाद होतातच. फवारणीतून अन्नद्रव्य देणं हे तंत्र खोटं नाही, नॅनोवर संशोधनही व्हावं. पण ज्या मालाबद्दल विद्यापीठांत एकमत नाही, तो शेतकऱ्याच्या पिशवीत जबरदस्तीनं घालणं हा गुन्हा मानला पाहिजे. एका मालासोबत दुसरा माल गळ्यात मारण्याचं हे लिंकिंग चालणार नाही, असं कृषी विभाग दर हंगामात बजावतो. दर हंगामात ते चालतं. चांगल्या मालाला सोबत बांधून विकावं लागत नाही, माझ्यापुरता हा पुरावा पुरेसा आहे.

मग कार्यक्षम खत म्हणजे काय, आणि ते गरीब जमिनीसाठी कुणी बनवलंय का? बनवलंय. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर द्वीपकल्पावर गव्हाची शेती आहे आणि जमीन चुन्यानं पांढरी पडलेली. तिथं दाणेदार स्फुरद वर्षानुवर्षं घालूनही गहू उपाशी राहत होता. बॉब हॉलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच स्फुरद द्रवरूपात बियाण्याच्या जवळ सोडून पाहिला आणि पीक स्पष्ट सुधारलं. कारण शोधलं तेही सुंदर आहे. दाणा विरघळताना भोवतीचं पाणी स्वतःकडं ओढतो, त्यामुळं स्फुरद बाहेर पसरण्याऐवजी दाण्यापाशीच साचतो आणि कॅल्शियमच्या तावडीत सापडतो. द्रव लांबवर पसरतो, मुळांना गाठ पडते. त्यांची माती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चुन्याची आहे, त्यामुळं तिथला उपाय जसाच्या तसा सेलू-जिंतुरात आणा असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी प्रश्न कसा मांडला ते आणायला हरकत नाही. त्यांनी आधी माती पाहिली, मग खत घडवलं.

महाराष्ट्रातही हे झालंय, आणि त्याचा आपल्याला अभिमान हवा. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड कोकणात गेली. भाताच्या खाचरात युरिया फेकला की बराचसा वाया जातो, हे दुखणं धरून युरिया आणि डीएपी एकत्र दाबून २.७ ग्रॅमच्या गोळ्या केल्या, ब्रिकेट. चार चुडांच्या मधे एक गोळी, चिखलात सात-दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी हातानं खोचायची. जोडीला भाताचं तूस-पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला. खत तेच, रसायन तेच, फक्त रूप आणि जागा बदलली आणि भाताला लागू पडलं. यासाठी अब्जावधींचा प्रकल्प लागला नाही. खाचरातलं पाणी, चिखल आणि लावणी करणाऱ्या बाईचा हात, हे तिन्ही ज्यानं पाहिलं होतं अशा माणसाची बुद्धी लागली. काळ्या चुनखडीच्या जमिनीसाठी असं काम का होऊ नये?

सुरुवात करायला तर नव्या शोधाचीही गरज नाही. दोन चाड्यांच्या पाभरीनं बी एका चाड्यातून आणि खत दुसऱ्यातून, बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पडतं. रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ पेरणी यंत्रही तेच करतं. फेकलेल्या खतापेक्षा पेरलेलं खत जास्त लागू होतं, कारण त्याचा मातीशी कमी आणि मुळाशी जास्त संबंध येतो. सुपर शेणखतात मिसळून दिलं तर चुन्याच्या तावडीतून बरंच सुटतं. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकू नये, दोघं एकमेकांना अडकवतात. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावले तर खर्च अगदी किरकोळ आहे, आणि यातले स्फुरद विरघळवणारे जिवाणू वर सांगितलेल्या त्या कुलूपबंद स्फुरदावरच काम करतात. आधी बुरशीनाशक, मग जिवाणू, आणि बी सावलीत वाळवायचं. परभणीच्या विद्यापीठात ही जैविक खतं तयार होतात, बायोमिक्स घ्यायला तर हळद आणि आल्याचे शेतकरी लांबून येतात. मग फाट्यावर शेल्फच्या पहिल्या ओळीत ती का नाहीत? कारण त्यांच्यावर दुकानदाराला सुटणारा पैसा टॉनिकाच्या बाटलीइतका नसतो.

एक गोष्ट मात्र दुकानात विकत मिळणार नाही. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन वाढत गेलं आणि ज्वारी, मूग, उडीद, करडई मागं पडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरं गेली. जनावरं गेली तसा उकिरडा गेला. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत घसरलेल्या जमिनी आज गावोगाव आहेत, आणि कर्बाविना कुठलंही खत, गोणीतलं असो की बाटलीतलं, नीट लागू होत नाही. जिवाणूंना खायलाच काही नसेल तर ते तरी काय करतील? तरीही आपण पऱ्हाटी आणि तुराट्या बांधावर पेटवून देतो. पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र गावात भाड्यानं मिळावं, ज्वारीचा किंवा तुरीचा पट्टा सोयाबीनमध्ये यावा, यासाठी जेवढं अनुदान आणि जेवढी आरडाओरड व्हायला हवी, तिचा शंभरावा हिस्साही होत नाही. मंत्र्याला फीत कापायला खताचा कारखाना मिळतो, उकिरड्याची फीत कोण कापणार?

आता मातीच्या नमुन्याकडे येतो. मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरतगडला सुरू झाली. बारा गोष्टी तपासायच्या, कार्ड शेतकऱ्याच्या हाती द्यायचं. योजना उत्तम होती. पण नियम असा, की बागायतीत अडीच हेक्टरांना एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरांच्या आत. सात-आठ शेतकऱ्यांच्या जमिनीचं निदान एका मुठीच्या मातीवर! मुरमाड आणि चुनखडी जिथं एकाच शिवारात, कधी एकाच गटात आहेत, तिथं असं कार्ड शेजाऱ्याच्या रक्ताचा अहवाल माझ्या हाती द्यावा तसं आहे. ज्या कोरडवाहू जमिनीला तपासणीची जास्त गरज, तिलाच चौपट विरळ नमुना. ही चूक कुणा कृषी सहायकाची नाही, ती नियमातच लिहिलेली आहे आणि म्हणून ती एका सहीनं दुरुस्त होऊ शकते.

२०१८ पासून खत घेताना पॉस मशीनवर अंगठा लागतो. कुणी किती गोण्या उचलल्या हे दिल्लीला त्याच दिवशी कळतं. ती गोणी कुठल्या मातीत जाणार हे मात्र मशीन विचारत नाही. त्याच पावतीवर एवढं तरी छापा, की तुम्ही घेतलेल्या खतात इतके किलो नत्र, इतका स्फुरद, इतका गंधक आहे. माहिती मशीनमध्ये आहेच. पावतीचा कागदही आहे.

तेव्हा मागण्या सांगतो, आणि त्या ठामपणे सांगतो. कोरडवाहूत प्रत्येक गटाला स्वतंत्र नमुना. पिकानुसार आणि भागानुसार खत बनवण्याची तरतूद २००८ पासून आहे, तिचा वापर करून परभणी, जालना, हिंगोलीच्या चुनखडीसाठी गंधक आणि जस्त असलेलं, आम्लधर्मी दाण्याचं खत विद्यापीठाच्या शिफारशीनं बनवा आणि त्यावर डीएपीइतकंच अनुदान द्या. विद्यापीठाची जैविक खतं मे महिन्यातच तालुक्याच्या फाट्याफाट्यांवर पोचवा. मराठवाड्याला स्वतःचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी मिळालं, ते भांडून मिळालं. त्याच दिवशी दर वर्षी तिथं खरीप मेळावा भरतो. त्या मेळाव्यात यंदा बियाण्याच्या रांगेत उभं राहण्याआधी मृद विज्ञान विभागाचं दालन गाठा आणि माझ्या मातीला काय कमी आहे ते विचारा.

आणि माती बरोबर न्या. रब्बी निघाली की, खत-शेणखत टाकण्याआधी, शेतात नागमोडी फिरून आठ-दहा जागी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा सोडा. खड्ड्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा आणि गट नंबर लिहा. मुरमाड तुकड्याची पिशवी वेगळी, चुनखडीची वेगळी. दुकानदारानं बाटली पुढं केली तर तीही हातात घ्या, मागच्या बाजूचे टक्के वाचा, आणि नको असेल तर पक्की पावती मागून तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीची नोंद कुठंच होत नाही.